शाळेच्या अंगणात कोणते झाड लावाल?

पावसाळा आला की शाळाशाळांतून झाडे लावण्याची लगबग सुरू होते. खड्डे तयार असतात, रोपेही आलेली असतात. पण कोणते रोप कोठे लावायचे, हे बहुधा आयत्या वेळी ठरते. रोप हातभर असते, त्यामुळे जागा चुकली तरी आज ते जाणवत नाही. चूक दिसते ती दहा-पंधरा वर्षांनी, आणि तेव्हा बहुधा कुऱ्हाडीवाचून उपाय उरत नाही. म्हणून झाड निवडण्याआधी, त्याने कोणते काम करायचे आहे हे ठरवले पाहिजे.

एक उदाहरण घेऊ. समजा, पुण्यातील एका बैठ्या शाळेची लांब भिंत पश्चिमेला आहे. उन्हाळ्यात दुपारनंतर ती तापते आणि वर्गात बसवत नाही. तिच्यावर सावली हवी. मग झाड किती अंतरावर लावावे?

पुण्याचे अक्षांश सुमारे १८.५ अंश उत्तर आहेत. १३ मेच्या सुमारास मध्यान्ही सूर्य तेथे बरोबर डोक्यावर येतो. तेव्हा झाडाची सावली त्याच्या पायाशीच पडते. दुपारी साडेतीनच्या सुमारास मात्र सूर्य पश्चिमेला, क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर असतो. त्या वेळी १० मीटर उंच झाडाची सावली पूर्वेकडे सुमारे ९ मीटर लांब पडते. झाड भिंतीपासून ५ मीटरवर असेल, तर सावली भिंतीवर सुमारे साडेचार मीटर उंच चढते. म्हणजे बैठ्या इमारतीची भिंत झाकली गेली!

हेच झाड दक्षिणेला लावले तर? डिसेंबरात मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे सुमारे ४८ अंशांवर असतो. थंडीत हवेसे वाटणारे ऊन अडेल आणि मे महिन्यात पश्चिमेची भिंत तापतच राहील.

जागा ठरली, आता झाड निवडू. मे महिन्यात त्याला भरपूर पाने हवीत. बहावा या दिवसांत पिवळ्या घोसांनी लहडतो, पण पाने फारच थोडी असतात. मूळचा मादागास्करचा गुलमोहर डौलदार खरा. परंतु त्याची मुळे वरवर पसरतात आणि फांद्या वादळात सहज मोडतात. वडाची मुळे भिंतीला तडे पाडतात. करंज मात्र पानगळ लवकर उरकून ऐन उन्हाळ्यात नव्या पानांनी दाट होतो. त्याचे सोटमूळ खोल जाते. शिवाय त्याच्या मुळांवरील गाठींतील जीवाणू हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतात. तेव्हा येथे करंज योग्य.

सूर्य आणखी कलला की किरणे खोडांमधून आत येतात. त्यासाठी मधल्या जागेत जास्वंदीची झुडपे लावावीत. कण्हेर मात्र टाळा. तिचे सर्व भाग विषारी असतात.

बहावा वाईट ठरला असे नव्हे. फाटकापाशी तो शोभेल; वडाला मोकळे पटांगण द्यावे.

आता तुम्ही करून पाहा. शाळेचा नकाशा काढून उत्तर दिशा दाखवा. एक मीटर लांबीची काठी उभी रोवून सकाळी, दुपारी व संध्याकाळी तिची सावली मोजा. परिसरातील पाच झाडांची पाने कधी गळतात, कधी फुटतात याची वर्षभर नोंद ठेवा. पुढच्या पावसाळ्यात रोपे येतील, तेव्हा ही वही बरोबर घेऊनच खड्डे खणा.