राखणीसाठी रात्रीची दुर्बीण

उसात वा भुईमुगात रात्री रानडुकरे शिरतात. राखणीकरिता अंधारात पाहण्याची दुर्बीण घेणाऱ्याने तिचे दोन प्रकार प्रथम समजून घ्यावेत. एक प्रकार अदृश्य अवरक्त प्रकाश टाकून पाहतो. दुसरा उष्णतादर्शक, तो शरीराची ऊब टिपतो, त्यास दिवा लागत नाही. मात्र बंद काचेपलीकडचे त्यातून दिसत नाही.

खोक्यावर छापलेल्या अंतरावर विसंबू नये. ते बहुधा ‘काहीतरी आहे’ एवढेच कळण्याचे अंतर असते. अमेरिकेतील जॉन जॉन्सन यांनी १९५८ साली मांडलेल्या कसोटीनुसार, वस्तू आहे हे कळण्यास तिच्या अरुंद बाजूवर सुमारे २ चित्रबिंदू पुरतात. ती जनावर की माणूस हे ठरविण्यास ८, आणि नेमकी ओळख पटण्यास सुमारे १३ लागतात. म्हणजे ८०० मीटरची दुर्बीण हा भेद सुमारे २०० मीटरच्या आतच दाखविते. धुक्यात त्याहूनही जवळून. रात्रीच्या विजेवर पिकास पाणी देणारा शेजारीही दुरून उबदार ठिपकाच दिसतो, हे राखणदाराने विसरू नये.

खरेदीपूर्वी रात्री मोकळ्या रानात, पावलांनी मोजलेल्या अंतरावर बैल व वाकलेला माणूस उभे करून दुर्बीण पारखावी. दुकानाच्या उजेडात केलेली पारख निरुपयोगी होय.