दुसऱ्या भागाची घाई

परभणी

चि. बाळास,


कादंबरीचा पहिला भाग तू पदरच्या पैशाने छापलास. दुसरा येत्या दिवाळीत आणायचाच म्हणतोस, आणि तोवर पहिला भाग लोकांच्या डोळ्यांसमोर राहावा म्हणून रोज जेवणं झाली की दोन तास रील, स्टेटस आणि ग्रुपवरच्या पोस्टींत घालवतोस. सूनबाई त्याबद्दल चकार शब्द काढत नाही, हे तू मोठ्या कौतुकाने लिहिलं आहेस. नोकरी, शेत, दोन लेकरं आणि लेखन यांचा मेळ बसेल असं एखादं वेळापत्रक सुचव, असंही म्हटलं आहेस. वेळापत्रक मी देणार नाही. तुझ्याच पत्रातला हिशोब पाहिला तर लिहायला तुला पहाटेचा एक तास पुरतो, आणि त्या तासाने घरातल्या कुणाचंच काही अडत नाही. अडतं ते रात्रीच्या दोन तासांनी. ते दोन तास कादंबरीला मिळत नाहीत, कादंबरीविषयी बोलण्यात जातात. त्यांच्यामागे दिवाळीची तारीख आहे, आणि ती तारीख तुझ्यावर दुसऱ्या कुणी लादलेली नाही. पदरमोड करून पुस्तक छापणाऱ्याच्या हाती मोठ्या प्रकाशकाकडे असतं त्यातलं काहीच नसतं. ना वितरण, ना दुकानातली जागा, ना नाव. एक गोष्ट मात्र त्याच्याकडे भरपूर असते, ती म्हणजे सवड. नेमकी तीच तू सोडून द्यायला निघाला आहेस, एवढंच मला सांगायचं आहे.

मराठीत फँटसीला वाचक नाही, म्हणून ओरडून सांगावं लागतं, असं तू लिहितोस. हे मला पटत नाही. मराठी कादंबरीचं बालपणच अद्भुताच्या घरातलं. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’नंतर चारच वर्षांनी, 1861 साली, लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ आली, आणि पुढची काही वर्षं वाचकांनी त्याच वळणाच्या अद्भुतरम्य कादंबऱ्या मिटक्या मारत वाचल्या. नाथमाधवांचा ‘वीरधवल’ किती पिढ्यांच्या हातून गेला ते तुला माहीत आहे. हिंदीत देवकीनंदन खत्रींनी ‘चंद्रकांता’ आणि मग ‘चंद्रकांता संतति’ हप्त्याहप्त्याने आणली, आणि 1898 साली बनारसला स्वतःचा ‘लहरी प्रेस’ही काढला. म्हणजे आपल्याकडचा सगळ्यात गाजलेला तिलिस्मी लेखक हा तुझ्यासारखाच स्वतःचा प्रकाशक होता. या सगळ्यांना वाचक कशाने मिळाला? एका वाचकाने दुसऱ्याच्या हातात पुस्तक दिल्याने, आणि पुढच्या भागाची वाट पाहायला लावल्याने. पुढे अनंत अंतरकरांनी 1952 साली ‘नवल’ काढून गूढ आणि अद्भुत कथेला हक्काचं घर दिलं. नारायण धारप घरोघर पोचले ते अशा मासिकांतून, दिवाळी अंकांतून आणि महिन्याच्या वर्गणीवर चालणाऱ्या वाचनालयांतून. धारप 2008 साली गेले. त्यांच्या कथेचा धागा घेतलेला ‘तुंबाड’ 2018 साली आला तेव्हा चित्रपटगृहांत बेताचाच चालला, आणि सप्टेंबर 2024 मध्ये पुन्हा लागला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त कमावून गेला. अद्भुताचा वाचक-प्रेक्षक उशिरा येतो, पण आला की टिकतो. त्याच्यासाठी दिवाळीचा मुहूर्त गाठायची गरज नसते.

तू म्हणशील, आत्या, तो काळ गेला. आता रोज दिसलं नाही की मोबाइल माणसाला विसरतो. खरं आहे. पण तो लक्षात ठेवतो म्हणजे नेमकं काय देतो, ते एकदा कागदावर मांडून बघ. किंडलवर मराठी पुस्तक स्वतः चढवण्याची सोय आहे, आणि मानधनाचे दर दोन आहेत, 35 टक्के आणि 70 टक्के. 99 रुपये किंमत ठेवलीस तर पहिल्या दराने कर वगैरे धरण्याआधी एका प्रतीमागे जेमतेम 35 रुपये हातात येतात. भारतातल्या विक्रीवर 70 टक्के हवे असतील तर पुस्तक ‘केडीपी सिलेक्ट’ या योजनेत घालावं लागतं. तिची अट अशी की, त्या 90 दिवसांच्या मुदतीत ते ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही ठेवायचं नाही, फुकटसुद्धा नाही. म्हणजे प्रतिलिपी या ॲपवर क्रमशः टाकून वाचक जमवायचे आणि किंडलवर जास्त दरही घ्यायचा, हे दोन्ही एका वेळी जमत नाही. तू दोन्हीकडे धावतो आहेस, म्हणून हे सांगते. आता रोजचे दोन तास धर. महिन्याचे साठ तास झाले. त्या साठ तासांनी वीस प्रती जास्त खपल्या असं समजलं, तर पहिल्या दराने सातशे रुपये झाले. सोयाबीन काढायला लावलेल्या माणसाची मजुरी याहून किती तरी बरी पडते. पैशासाठी लिहीत नाही असं तू म्हणशील, आणि ते मी मानते. पण मग ते साठ तास कशासाठी आहेत, हे तुला दुसऱ्या कुठल्या तरी मापाने सांगता आलं पाहिजे. वाचकाच्या मापाने सांगणार असशील तर रील बघणारा आणि चारशे पानं वाचणारा हे बहुतेक वेळा दोन वेगळे लोक असतात.

अमीश त्रिपाठींचं उदाहरण तू दिलं आहेस, आणि ते विचारात घेण्यासारखं आहे. प्रकाशकांनी नाकारल्यावर ‘इम्मॉर्टल्स ऑफ मेलुहा’ त्यांनी आपल्या एजंटाच्या साथीने 2010 साली बाजारात आणली, आणि विक्रीसाठी डोकं लढवलं हे खरंच. पण त्यांचं शिक्षण व्यवस्थापनाचं, पुस्तक इंग्रजी, आणि समोर शहरोशहरीच्या पुस्तकांच्या दुकानांची साखळी. शिवाय विमा कंपनीतली नोकरी त्यांनी पुस्तक हातोहात खपायला लागल्यावरच सोडली, आधी नाही. त्यांच्या सगळ्या खटपटीत मला पटलेली युक्ती एकच, ती म्हणजे पहिलं प्रकरण छापून दुकानांच्या काउंटरवर फुकट ठेवणं. त्या जाहिरातीत लेखकाचा चेहरा नव्हता, पुस्तकाचीच पानं होती. तिला दर रात्री खाऊ घालावं लागत नाही. अमेरिकेतल्या क्रिस्टोफर पाओलिनीचंही तसंच. ‘एरागॉन’ 2002 साली आईवडिलांच्या घरगुती प्रकाशनाने काढली, आणि त्या मुलाने शाळा-ग्रंथालयांत शंभराहून अधिक कार्यक्रम केले. पण त्या घरात सगळ्यांनी मिळून तसं ठरवलं होतं, पोरगं विशीच्या आतबाहेरचं होतं, आणि झोपवायला त्याच्या अंगावर लेकरू नव्हतं. तुझ्या घरात असं कुणी मिळून ठरवलेलं नाही. सूनबाई बोलत नाही, याचा अर्थ तिने होकार दिला असा नाही.

यावर एक जुना युक्तिवाद येतो, आणि तो तू अजून केला नसलास तरी करशील. मोठे लेखक असेच झपाटलेले होते, घराकडे बघितलं असतं तर त्यांच्या हातून काही झालं नसतं, असा. परभणीत बसून याला उत्तर द्यायचं तर बी. रघुनाथांचं नाव घ्यावंच लागतं. त्यांच्या नावाचं सभागृह तुला ठाऊक आहे. निजामी राजवटीतल्या बांधकाम खात्यात कारकुनी करत त्यांनी कविता, कथा, कादंबऱ्या लिहिल्या, आणि 1953 साली, वय अवघं चाळिशीचं असताना, कचेरीत काम करतानाच ते गेले. आपल्याकडे ही गोष्ट समर्पणाचा दाखला म्हणून सांगतात. मला ती तशी वाटत नाही. त्या माणसाला फुरसत मिळाली असती तर मराठवाड्याला आणखी किती कादंबऱ्या मिळाल्या असत्या, असा हळहळण्याचा तो विषय आहे. ओढाताण त्यांच्यावर परिस्थितीने लादली होती. तू ती हौसेने अंगावर घेतो आहेस. दुसऱ्या बाजूला रत्नाकर मतकरी पाहा. 1978 पर्यंत ते बँक ऑफ इंडियात नोकरी करत होते, आणि त्याच वर्षांत गूढकथा लिहीत होते. 1962 साली सुरू केलेल्या त्यांच्या बालनाट्याच्या संस्थेत तर पत्नी प्रतिभाताई बरोबरीने होत्या. घर बाजूला ठेवण्याऐवजी त्यांनी ते कामात ओढून घेतलं. (जाता जाता एक सांगते. जनाबाई आपल्या गंगाखेडची, म्हणून या भागात लिहू पाहणाऱ्या प्रत्येक बाईला दळण-कांडण करत लिहिण्याचा सल्ला मिळतो. तो सल्ला एखाद्या पुरुषाला दिलेला मी ऐकलेला नाही.)

दिवाळी हा पुस्तकांचा हंगाम आहे, तो चुकवून कसं चालेल, ही तुझी सगळ्यात रास्त शंका. पण तुझ्या पेडगावात दिवाळीच्या आधीचा महिना कशाचा असतो ते तुला मी सांगायला नको. सोयाबीन काढणी, मग मळणी, आणि त्याला लागूनच कापसाची पहिली वेचणी. त्याच दिवसांत प्रूफं, मुखपृष्ठ, छापखान्याचे फोन आणि पार्सलं आली की कोणतं काम कुणाच्या अंगावर पडणार, हे उघड आहे. मुंबई-पुण्याच्या प्रकाशकाची दिवाळी तुझ्या शेतातल्या दिवाळीशी जुळत नाही, आणि ती तू जुळवून घ्यावी असं कुठल्याही करारात लिहिलेलं नाही. कारण करारच नाही. दिवाळीत तुझं नाव वाचकांपुढे यावं असं वाटत असेल तर तुझ्या त्याच कल्पित राज्यातली एक स्वतंत्र कथा लिही आणि एखाद्या दिवाळी अंकाला पाठव. अंकांची जुळवाजुळव पावसाळ्याच्या तोंडीच सुरू होते, म्हणजे तुझं काम पेरणीआधी संपलेलं असेल. पुढचं वितरण तो अंकच करील. आणि कथा पाठवताना जयंत नारळीकरांची आठवण ठेव. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या खोट्या नावाने पाठवली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंनी ती उतरवून दिली. एवढा नावाजलेला शास्त्रज्ञ नाव झाकून कथेची परीक्षा करवून घेतो, आणि आपण कथा झाकून नावाचाच गजर करतो. तुझ्या पहिल्या भागावर आलेल्या शाबासक्यांत ओळखीच्यांच्या किती आणि अनोळखी वाचकांच्या किती, ते वेगळं काढून बघ. अनोळखी वाचकाने ‘तिसऱ्या प्रकरणात कंटाळा आला’ असं लिहिलं असेल तर ती दुसऱ्या भागाची खरी तयारी. तुझ्याच सांगण्यावरून असं लिहिणारे दोघं तरी आहेत. त्यांना तू उत्तर दिलेलं नाहीस, कारण त्या रात्री रील बनवायची होती.

पैशाचं थोडक्यात सांगते. पाचशे प्रती एकदम छापल्या की एका प्रतीचा दर उतरतो, हे छापखानावाला बरोबरच सांगतो. पण न खपलेले गठ्ठे कुठल्या खोलीत राहतील, हे त्याला सांगावं लागत नाही. मागणीप्रमाणे छापून देणाऱ्या संस्था आता आहेत. प्रत महाग पडली तरी पैसा अडकत नाही. कापसाच्या पट्टीतला रुपया यात घालू नकोस. पहिल्या भागातून जे आलं तेवढ्यातच दुसरा बसव, आणि बसत नसेल तर तो अजून एक वर्ष पहाटे लिहिला जाऊ दे. आयएसबीएन दिल्लीच्या राजा राममोहन रॉय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, त्यासाठी कुण्या मध्यस्थाला पैसे देऊ नकोस. आणि 1954 च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना प्रत पाठवायची असते. पहिल्या भागाच्या वेळी तू ते केलंस का, हे पत्रावरून कळलं नाही. केलं नसशील तर आता कर. रोज रात्रीच्या पोस्टीपेक्षा ते एक पार्सल तुझं पुस्तक जास्त वर्षं जिवंत ठेवील. जिल्ह्यातल्या सार्वजनिक वाचनालयांनाही एकेक प्रत दे. परीकथा मागायला येणारी पोरं आणि जुने धारप धुंडाळणारे लोक तिथेच भेटतात. राज्यात अनुदानावर चालणारी अशी वाचनालयं हजारोंनी आहेत, त्यातल्या दहांनी जरी पुस्तक वाचकांच्या हाती ठेवलं तरी तुझं काम होईल. प्रती पाठवायच्या तर टपालाचंही सांगते. टपाल खात्याने डिसेंबर 2024 मध्ये बुक पोस्ट बंद केली तेव्हा लहान प्रकाशकांची पंचाईत झाली होती. त्यानंतर मे 2025 पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झाली आहे, 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये आणि पाच किलोपर्यंत 100, कर वेगळा. तुझी कादंबरी त्या सवलतीत बसते का, ते आधी पोस्टात विचार. आत जाहिरातीची पत्रकं मात्र घालू नकोस, ती त्यांना चालत नाहीत.

सूनबाईला हे पत्र वाचायला दे. पहिल्या भागाला एकूण किती खर्च आला आणि किती सुटला, तो आकडा तिला अजून माहीत नसेल तर पत्राआधी तो सांग. दुसऱ्या भागाचं हस्तलिखित तयार होईल तेव्हा मला छापील प्रत नको, वहीच पाठव. मी पेन्सिलीने खुणा करून परत करीन. घाई नाही.

लेकरांना गोड पापा.

तुझी,
आत्या