परदेशी नोकरी : जावे की राहावे?



‘फादर, आशीर्वाद द्या, पुढच्या शुक्रवारी फ्लाइट आहे.’ रविवारच्या मिस्सानंतर हे वाक्य आम्हाला वरचेवर ऐकायला मिळते. आशीर्वाद आम्ही आनंदाने देतो. पण तिकीट हाती आल्यावर येणारा माणूस चार महिने आधी, मनाची घालमेल चालू असताना, का येत नाही याचे आम्हाला नवल वाटते. साखरपुड्याआधी आपण दहा जणांना विचारतो, मग परदेशी नोकरीचा निर्णय एजंटच्या एका फोनवर कसा होतो? हा निर्णय घ्यायचा तरी कसा, हे आज थोडे अभ्यासू या.

आखाताची वाट वसईला नवी नाही. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेतवर आक्रमण केले, तेव्हा एक लाख सत्तर हजारांहून अधिक भारतीयांना अम्मानमार्गे विमानाने परत आणावे लागले. त्या वेळी तिथे असलेल्यांच्या घरी ती आठवण अजून निघते. तरीही लोक पुन्हा गेले आणि त्यांच्या पैशांतून घरे उभी राहिली, बहिणींची लग्ने झाली, मुले इंजिनिअर झाली. हे कष्ट कमी लेखण्याचा अधिकार कोणालाही नाही, आम्हा धर्मगुरूंना तर नाहीच.

ख्रिस्तसभेची शिकवणही एकेरी नाही. संत जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली मानवी श्रमावर विश्वपत्र लिहिले. त्यात त्यांनी कामासाठी देश सोडण्याचा आणि परत येण्याचा माणसाचा हक्क मान्य केला, पण माणूस गेल्याने मागच्या समाजाचे नुकसान होते हेही सांगितले. पोप बेनेडिक्ट सोळावे एक पाऊल पुढे गेले. स्थलांतराच्या हक्काआधी स्थलांतर न करण्याचा हक्क येतो, अशी आठवण त्यांनी करून दिली. पोप फ्रान्सिस यांनी २०२३ सालच्या स्थलांतरितांच्या दिनासाठी जाण्याचे किंवा राहण्याचे स्वातंत्र्य हाच विषय निवडला होता. म्हणजे जाणारा लोभी आणि राहणारा देवभक्त असा सरधोपट निवाडा कोणी करू नये. जो जातो तो खरोखर स्वतंत्रपणे जातो का, एवढेच पाहायचे.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचे एक निरीक्षण आमच्या मनात बसले. माणूस खल करतो तो साध्याविषयी नव्हे, साधनांविषयी. रोग्याला बरे करायचे की नाही यावर डॉक्टर विचार करत बसत नाही. कोणते औषध द्यायचे यावर तो विचार करतो. आपल्या घरात नेमके इथेच बिघडते. दुबई की दोहा, कंपनी चांगली की वाईट, पगार किती, या साधनांवर रात्र-रात्र चर्चा होते. हे सर्व कशासाठी, हा प्रश्न कोणीच विचारत नाही, कारण त्याचे उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे असे प्रत्येकाला वाटते. नवऱ्याला वाटते घराचे कर्ज, बायकोला वाटते मुलाचे शिक्षण, आईला वाटते शेजाऱ्यांसारखा बंगला. तिघेही ‘घरासाठी’ म्हणतात आणि तिघांचे घर वेगळे असते.

लोयोलाचे संत इग्नेशियस यांनी या दुखण्यावर अचूक बोट ठेवले आहे. त्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकाला १५४८ साली पोप पॉल तिसरे यांनी मान्यता दिली. त्यात ते सांगतात की पुष्कळ माणसे आधी साधन पक्के करतात आणि मग त्यात देवाला कुठे बसवता येईल ते पाहतात. क्रम उलटा हवा. आधी साध्य, मग साधन. नोकरी हे साधन, परदेशही साधनच. ज्याच्या मनात ‘गेलेच पाहिजे’ हे आधीच ठरले आहे, त्याने नोव्हेना केली तरी तो देवाकडून फक्त सही मागत असतो!

एक उदाहरण घेऊ. समजा, आपल्याच गावातला चौतीस वर्षांचा तरुण आहे. दहावीनंतर आयटीआय केलेला एसी मेकॅनिक. बायको बालवाडीत शिकवते, मुलगा चार वर्षांचा, वडिलांना साखरेचा त्रास, घरावर कर्ज. दुबईहून ४,००० दिरहॅमची ऑफर येते. आकडा ऐकून घरात पेढे वाटले जातात. आता कागद-पेन्सिल घेऊन बसू. बेड-स्पेसचे भाडे, जेवण, फोन, येणे-जाणे, आजारपण धरले तर घरी पाठवायला समजा २,२०० उरतात. कर्जाचा हिशेब या आकड्यावर करायचा, ४,०००वर नव्हे. पुढे करारपत्र उघडू. मूळ पगार १,८०० आणि बाकीचे भत्ते असे लिहिले असेल तर? अमिरातीच्या कायद्यात नोकरी संपताना मिळणारी ग्रॅच्युइटी मूळ पगारावर मोजतात. वर्षाला एकवीस दिवसांचा मूळ पगार, पहिल्या पाच वर्षांसाठी. १,८०० मूळ पगारावर पाच वर्षांनी ६,३०० दिरहॅम होतात. तेच ४,००० मूळ पगारावर १४,००० झाले असते. पहिले वर्ष पूर्ण होण्याआधी नोकरी सोडली तर काहीच नाही. एकूण पगार तोच, फक्त तो दोन ओळींत कसा विभागला त्यावर एवढा फरक.

बायको-मुलाला नेण्याची आशा असते. ४,००० दिरहॅम पगार असेल, किंवा ३,००० आणि राहण्याची जागा असेल, तर कायद्याने कुटुंबाचा व्हिसा मागता येतो. पण एवढ्या पगारात तिथले घरभाडे आणि शाळेची फी भागत नाही, हे तिथे राहणारा कोणीही सांगेल. म्हणजे आपल्या तरुणाचा खरा प्रश्न ‘दुबईला जावे का?’ असा नाही. ‘चार वर्षांच्या मुलापासून दूर राहून दरमहा २,२०० दिरहॅम पाठवावेत का, आणि किती वर्षे?’ असा आहे. हा प्रश्न ऐकायला कठीण वाटतो, पण उत्तर द्यायला सोपा आहे.

‘किती वर्षे?’ या शब्दांवर थोडे थांबू. जुन्या करारातील तोबीतचा ग्रंथ आपल्याकडे फारसा वाचला जात नाही, पण परदेशी जाणाऱ्या प्रत्येक घराने तो वाचावा. निनवेत निर्वासित म्हणून राहणाऱ्या तोबीतची दृष्टी जाते आणि त्याची बायको हन्ना लोकांकडे विणकाम करून घर चालवते. तेव्हा म्हातारा आपल्या एकुलत्या मुलाला, तोबियाला, दूर मिडिया देशात पाठवायचे ठरवतो. कशासाठी? तिथे एका नातलगाकडे ठेवलेले दहा तालांत चांदीचे नाणे परत आणण्यासाठी. रक्कम ठरलेली, ठिकाण ठरलेले, काम झाले की परतायचे हेही ठरलेले. आमच्या मते या प्रवासाचे निम्मे शहाणपण इथेच आहे. आपल्याकडे दोन वर्षे म्हणून गेलेला माणूस कर्ज फिटल्यावर वरच्या मजल्यासाठी थांबतो, मजला झाल्यावर गाडीसाठी, गाडी झाल्यावर मुलाच्या डोनेशनसाठी. वाईट हेतू कोणाचाच नसतो. पण ‘पुरे’ हा शब्द जाण्याआधी ठरवला नाही, तर नंतर तो ठरवायला कोणी मिळत नाही.

पुढे काय होते? तोबीत मुलाबरोबर येणाऱ्या वाटाड्याची नुसती तोंडओळख करून घेत नाही. तू कोणाचा, कोणत्या कुळातला, असे खोदून विचारतो आणि मग दिवसाला एक ड्राखमा आणि खर्च अशी मजुरी ठरवतो. तो वाटाड्या खुद्द देवदूत राफाएल होता, तरी तोबीतने चौकशी सोडली नाही. आपण मात्र फेसबुकवर भेटलेल्या एजंटला लाख-दीड लाख देतो, पावतीसुद्धा मागत नाही! परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या एजंटला भारत सरकारचा परवाना लागतो आणि तो ई-मायग्रेट पोर्टलवर पाहता येतो. त्याच्या सेवाशुल्काला ३०,००० रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा आहे. दहावी न झालेल्यांना आखातासह १८ देशांत नोकरीला जाताना सरकारची परवानगी घ्यावी लागते, विमाही सक्तीचा असतो. दहा लाखांच्या या विम्याचा दोन वर्षांचा हप्ता तीनशे रुपयांच्या आसपास येतो. दहावी झालेल्यांना ही परवानगी लागत नाही. म्हणजे आपल्या बहुतेक मुलांची कागदपत्रे तिसरे कोणी तपासत नाही. ती आपणच तपासली पाहिजेत.

व्हिजिट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर बघू, असे कोणी सांगितले तर जाऊ नका. त्या व्हिसावर काम करणे बेकायदा आहे आणि पकडला जातो तो कामगार, एजंट नव्हे. थायलंडमध्ये कॉम्प्युटरची नोकरी म्हणून नेलेल्या मुलांना म्यानमारच्या हद्दीत सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपल्याचे आपण वाचले. मार्च २०२५ मध्ये अशा पाचशेहून अधिक भारतीयांना सरकारने परत आणले. राहण्याची जागा कशी आहे, एका खोलीत किती जण, हेही विचारावे. जून २०२४ मध्ये कुवेतच्या मंगाफ भागात कामगारांच्या इमारतीला पहाटे आग लागली आणि सुमारे पन्नास जण गेले, त्यातले बहुतेक भारतीय होते.

आता हन्नाकडे वळू. मुलगा निघतो तेव्हा ती रडते आणि नवऱ्याला सुनावते की पोरगा आपल्या हातातली काठी आहे, पैशात पैसा घालून काय करायचे, देवाने दिले त्यात भागत होते. तोबीत तिची समजूत काढतो. ग्रंथ मात्र तिला गप्प करत नाही, तिचे म्हणणे पूर्ण मांडतो. आपल्या घरांत हन्नाचे म्हणणे ऐकले जाते का? ‘तुझ्यासाठीच जातोय ना’ या एका वाक्यावर तिचे तोंड बंद होते. मागे राहणारी बाई एकाच वेळी आई, बाप, सून आणि बँकेची कामे करणारी कारकून होते. पती-पत्नींनी दूर राहायचे ते दोघांच्या संमतीने आणि ठराविक काळापुरते, असे संत पौल करिंथकरांना लिहितो. यातली ‘दोघांच्या’ आणि ‘ठराविक’ ही दोन्ही पदे महत्त्वाची आहेत. बायको नर्स म्हणून जाते आणि नवरा मागे राहतो तेव्हाही हाच नियम लागू, फक्त तेव्हा सासूबाईंचे मत जरा मोठ्याने ऐकू येते.

‘फादर, तिथे चर्च आहे का?’ असे फार थोडे विचारतात. अमिराती, कुवेत, बहारीन, ओमानमध्ये चर्च आहेत, कतारमध्ये २००८ पासून आहे, आणि सणाच्या मिस्साला तिथे आपल्यापेक्षा जास्त गर्दी असते. सौदी अरेबियात चर्च नाही आणि सार्वजनिक उपासनेला परवानगी नाही. तिथे जाणाऱ्याने घरून श्रद्धेची शिदोरी नेली नाही तर वर्षभर उपास. कामाची सुट्टी कोणत्या दिवशी, हेही करार करतानाच विचारलेले बरे.

मनाची परीक्षा कशी करायची याविषयीही संत इग्नेशियस यांचा अनुभव कामी येतो. १५२१ साली पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या-पडल्या ते कधी दरबारी पराक्रमाची स्वप्ने पाहत, कधी संतांसारखे जगण्याची. दोन्ही वेळा मजा वाटे. पण पहिले स्वप्न सरल्यावर मन कोरडे होई, दुसरे सरल्यावरही समाधान टिके. परदेशाचे स्वप्न पाहताना बरे वाटणारच. उंच इमारतींचे व्हिडिओ बंद केल्यावर तासाभराने मनात काय उरते ते पाहावे. त्यांचा आणखी एक नियम आहे. मन उदास, विस्कटलेले असताना पूर्वीचा निर्णय बदलू नये. भावाशी वाडीवरून भांडण झाले, साहेबाने चारचौघांत अपमान केला, म्हणून देश सोडायला निघालेले तरुण आम्ही पाहतो. त्यांना आम्ही एकच सांगतो, तीन महिने थांबा. भांडण सामानात घालून नेता येते, विमानतळावर त्याचे वजन कोणी करत नाही.

आणि कृपा करून एजंटला देण्यासाठी वाडी विकू नका. पगार थांबू शकतो, कंपनी बंद होऊ शकते. बावखलाकाठची ती अर्धा एकर केळीची बाग मात्र पुन्हा विकत मिळणार नाही. याबाबत आम्ही जरा हट्टी आहोत, हे कबूल.

या आठवड्यासाठी अभ्यास असा. ज्यांच्या घरी परदेशाचा विचार चालू आहे, त्यांनी तोबीतचा पाचवा अध्याय मोठ्याने वाचावा. मग पती आणि पत्नी दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर तीन गोष्टी लिहाव्यात : कशासाठी, किती रक्कम, कोणत्या वर्षी परत. तरुण अविवाहित असेल तर एक कागद आई-वडिलांनी लिहावा. लिहिताना इग्नेशियस सुचवतात तशी कल्पना करावी, की हा प्रश्न आपला नाही, कधी न पाहिलेला कोणी परका माणूस आपल्याकडे सल्ला मागायला आला आहे, त्याचे भले व्हावे एवढीच आपली इच्छा आहे, तर त्याला आपण काय सांगू? जेवण झाल्यावर, मुले झोपल्यावर, कागद अदलाबदल करून वाचावेत. उत्तरे जुळली नाहीत तर एजंटला ‘अजून ठरले नाही’ असे कळवावे आणि करारपत्राची प्रत घेऊन चर्चच्या कार्यालयात यावे. आखातात वीस-वीस वर्षे काढून परतलेली मंडळी आपल्या धर्मग्रामात आहेत. त्यातल्या कोणाला तरी आम्ही बोलावून घेऊ, आणि करार ओळीओळीने वाचू.