सावकाश फेरी

माणूस म्हातारा झाला, की त्याचे चालणे कमी होते. गुडघे दुखतात. दम लागतो. डोळ्यांना अंधुक दिसते. मग तो म्हणतो, "आता मी कुठे येऊ? माझ्यापायी तुमचा खोळंबा." असे म्हणून तो ओसरीवर बसून राहतो. बसून बसून पाय आणखी आखडतात. हळूहळू मनही आखडते.

अशा माणसांसाठी एक सोपा उपाय आहे. त्याला आपण 'सावकाश फेरी' म्हणू. आठ-दहा जणांनी मिळून जवळच्या बागेत किंवा देवराईत जायचे. अगदी हळू चालायचे. झाड, पाखरू, फूल, किडा, जे दिसेल तिथे थांबायचे. ज्याला जे ठाऊक असेल, ते त्याने सांगायचे. बाकीच्यांनी ऐकायचे. एवढेच.

आमच्या गावी ओढ्याच्या काठी ग्रामपंचायतीची लहानशी बाग आहे. तिथे एक वड आहे, एक उंबर आहे, दोन कडुनिंब आहेत आणि काठाला बाभळी आहेत. तिथे आम्ही अशी फेरी सुरू केली.

पहिली फेरी चुकली

पहिल्या दिवशी मी पुढे होतो. माझा जन्म शाळेत गेला. मुलांची सहल न्यावी, तसा मी झपाझप निघालो. झाडांची नावे मोठ्याने सांगत होतो. वडापाशी पोहोचलो आणि मागे वळून पाहिले. सगळे आले होते, पण आक्का नव्हत्या. आक्का म्हणजे आमच्या साक्षरता वर्गातल्या सगळ्यांत वडील बाई. त्या उंबराखाली दगडावर टेकल्या होत्या. तिथूनच त्या घरी गेल्या.

पुढच्या रविवारी आक्का आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारीही आल्या नाहीत. तेव्हा मी त्यांच्या घरी गेलो. त्या म्हणाल्या, "गुर्जी, तुम्ही पुढं, अन् तुमचं बोलणंबी पुढं. माझ्या वाट्याला नुसती धूळ आली. त्यापरीस घर बरं."

मी खाली मान घातली. चूक माझी होती. मी म्हणालो, "आक्का, येत्या रविवारी तुम्ही पुढे चाला. तुमच्या पावलाने आम्ही चालतो."

त्या दिवसापासून आमचा एक नियम झाला. जो सगळ्यांत हळू चालतो, तो सगळ्यांच्या पुढे. मग कोणी मागे राहतच नाही.

उंबराचे फूल

आक्का पुढे झाल्या, आणि दहा पावलांवर उंबरापाशी थांबल्या. फाल्गुन महिना होता. उंबराच्या खोडाला फळांचे घोस लागले होते. आक्कांनी विचारले, "गुर्जी, बऱ्याच दिसांनी कुणी भेटलं, की आपण त्याला उंबराचं फूल म्हणतो. पण उंबराला फूल हाय तरी का?"

प्रश्न चांगला होता. उंबराला फुले असतात, पण ती बाहेर दिसत नाहीत. आपण ज्याला उंबर म्हणतो, त्या गोल फळाच्या आतच शेकडो बारीक फुले असतात. फळाच्या टोकाला एक बारीक भोक असते. त्या भोकातून एक चिमुकली माशी आत शिरते. तिच्या अंगाला दुसऱ्या उंबरातले पराग लागलेले असतात. ते फुलांना मिळतात आणि बी धरते. माशी आतच अंडी घालते. तिची पिले आतच वाढतात. त्यांतल्या माद्या पराग घेऊन बाहेर उडतात आणि दुसऱ्या उंबरात शिरतात. माशी नसेल, तर उंबराला बी धरणार नाही. उंबर नसेल, तर माशीलाही घर नाही.

आम्ही एक उंबर फोडून पाहिला. सगळ्यांनी आपापल्या डोळ्यांनी फुले पाहिली. आक्का हसून म्हणाल्या, "पंचाहत्तर वर्सं झाली, आज उंबराचं फूल दिसलं!"

डोळ्यांविना पाहणे

आमच्या फेरीत तात्या येतात. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली आहे. ते नातवाचा हात धरून चालतात. पहिल्यांदा ते म्हणाले, "मी येऊन काय पाहणार?" पण सगळ्यांत आधी ओळखतात ते तात्याच.

झाडावरून 'टुक् टुक् टुक्' असा आवाज येत होता. आम्ही वर पाहत होतो, पण काही दिसेना. तात्या म्हणाले, "तांबट आहे तो. भांडे ठोकल्यासारखा आवाज करतो. उंबर पिकले, की तो येणारच." खरोखर, पानांत चिमणीएवढा हिरवा पक्षी होता. त्याच्या कपाळावर लाल टिळा होता.

तात्यांना आम्ही झाडांच्या साली हाताला लावून दाखवतो. बाभळीची साल खडबडीत, चिरा पडलेली. उंबराची साल त्या मानाने गुळगुळीत. कडुनिंबाला मोहोर आला, की वासावरूनच ते झाड सांगतात. म्हणून फेरीत नुसते डोळे वापरू नयेत. कान, नाक आणि हातही वापरावेत.

ओढ्यावरच्या बाभळीला सुगरणीची जुनी घरटी लोंबत होती. पावसाळ्यात ती विणलेली असतात. हे सुरेख घरटे विणतो तो नर. अर्धे विणून झाले, की मादी येऊन पाहते. तिच्या पसंतीस उतरले, तर तो ते पुरे करतो. हे ऐकून आक्का म्हणाल्या, "म्हंजे घर बांधतो गडी, अन् नाव बाईचं!" तात्याही खळखळून हसले.

जुन्या माणसांची आठवण

वाटेच्या कडेला गाजरगवत माजले होते. एका पोराने विचारले, "हे गवत पहिल्यापासूनच आहे का?" आक्का म्हणाल्या, "न्हाई रं. मी लहान असताना आमच्या रानात हे नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेले, तवा पहिल्यांदा बघितलं."

आक्कांचे म्हणणे बरोबर होते. हे गवत मूळचे अमेरिका खंडातले. आपल्याकडे ते पुण्यात १९५५ च्या सुमारास नजरेस आले आणि मग सगळीकडे पसरले. एका रोपाला हजारो बिया येतात. त्याने अंगाला खाज सुटते, काहींना दम्याचा त्रास होतो. ते फुलावर येण्याआधी उपटावे. उपटताना हातात मोजे घालावेत किंवा हाताला फडके गुंडाळावे.

आपल्या रानात हे गवत कोणत्या साली आले, हे कोणत्या पुस्तकात लिहिले आहे? कोणत्याच नाही. ते आक्कांच्या आठवणीत आहे. आक्का ओसरीवर बसून राहिल्या असत्या, तर ते त्यांच्याबरोबरच गेले असते. म्हणून आम्ही एक वही घातली. फेरीत जे कळेल, ते तारीख घालून वहीत लिहायचे. पहिली ओळ आक्कांनी स्वतःच्या हाताने लिहिली. अक्षर मोठे आणि वाकडे आहे, पण वाचता येते.

बुंधा नसलेला वड

फेरीच्या शेवटी आम्ही वडाखाली बसतो. वडाच्या पारंब्या जमिनीत शिरतात, जाड होतात आणि खांबासारखा आधार देतात. पश्चिम बंगालमध्ये हावड्याजवळ शिबपूर येथे सरकारी वनस्पती-उद्यान आहे. तिथे सुमारे अडीचशे वर्षांचा एक वड आहे. वादळांनी तो जखमी झाला. बुंध्याला बुरशी लागली. शेवटी १९२५ साली त्याचा मूळ बुंधा काढून टाकावा लागला. तरी तो वड आजही जिवंत आहे. हजारो पारंब्यांनी त्याला उचलून धरले आहे.

हे ऐकून तात्यांनी नातवाचा हात घट्ट धरला. ते काही बोलले नाहीत.

फेरी कशी काढावी?

१. सकाळी ऊन चढण्याआधी निघावे. एक तास पुरे.

२. वाट सपाट असावी. चाकाची खुर्ची जाईल अशी असली, तर फारच चांगले.

३. दर पन्नास-साठ पावलांवर बसायला जागा हवी. बाक नसेल, तर एक घडीची खुर्ची बरोबर घ्यावी.

४. दहा-बारा माणसांपेक्षा जास्त नेऊ नयेत. शेवटच्या माणसाबरोबर एक धडधाकट माणूस ठेवावा.

५. सगळे जमल्याशिवाय बोलायला सुरुवात करू नये. ज्यांना कमी ऐकू येते, त्यांच्याकडे तोंड करून बोलावे.

६. पाणी बरोबर घ्यावे. मधुमेह असणाऱ्याने अनवाणी चालू नये आणि खिशात थोडी साखर ठेवावी.

७. बिळात, ढोलीत, दगडाखाली हात घालू नये. ओळख नसलेले फळ तोंडात घालू नये.

८. छातीत दुखले, घेरी आली किंवा फार दम लागला, तर तिथेच थांबावे आणि डॉक्टरांकडे जावे.

या फेरीला पैसा लागत नाही. पहिल्या दिवशी शंभर पावले झाली, तरी चालेल. तुमच्या आळीत कोणी ओसरीवर बसून असेल, तर येत्या रविवारी त्याला हाक मारा. आणि त्याला सांगा, "तुम्ही पुढे चाला."

अभ्यास

१. पहिल्या फेरीत गुरुजींचे काय चुकले?

२. उंबराची फुले बाहेर का दिसत नाहीत?

३. सुगरणीचे घरटे कोण विणतो?

४. तुमच्या गावातल्या सगळ्यांत जुन्या झाडाबद्दल घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला विचारा. ते जे सांगतील, त्याच्या पाच ओळी वहीत लिहा. वर तारीख घाला.