घर मिळालं, आता डॉक्टर शोधा

लालबाग सोडून आम्ही वसई पूर्वेला राहायला आलो तेव्हा दूध, गॅस, मुलांची शाळा यांची सोय लगेच लागली. डॉक्टरचं मात्र जो तो म्हणत होता, "लागेल तेव्हा बघू." घरात सासूबाईंचा जुना मधुमेह, त्यामुळे आम्ही वाट बघत बसलो नाही. मुंबईहून इकडे येणाऱ्या ओळखीच्या प्रत्येक कुटुंबाला मी आता पुढच्या गोष्टी आवर्जून सांगते.

1. दुखणं येण्याआधी डॉक्टर गाठा, आणि तो जवळचा असू द्या.
"आमचे दादरचे डॉक्टर आहेत की," असं बरेच जण म्हणतात. जुना विश्वास मलाही कळतो. पण जुलै 2018 आठवा. नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले, लोकल थांबल्या, वसईतल्या कितीतरी सोसायट्या पाण्याने वेढल्या गेल्या. अशा वेळी दादर फार लांब असतं. हायवेने जावं तर घोडबंदरच्या नाक्यापर्यंत गाड्यांची रांग. वर्षातून दोनदा दाखवायला मुंबईचे तज्ज्ञ जरूर ठेवा, पण रात्री ताप चढला तर चालत किंवा रिक्षाने गाठता येईल असा माणूस हवाच. आमच्या डॉक्टरांनी पहिल्याच पावसाळ्यात बजावलं होतं, "साचलेल्या पाण्यातून चालत आलात तर ताप यायची वाट बघू नका, आधी मला येऊन भेटा." लेप्टोची भीती इथे दर पावसाळ्यात असते, आणि प्रतिबंधाची गोळी वेळेत घेतली तरच तिचा उपयोग.

2. पाटी नीट वाचा.
नावाखाली पदवी आणि नोंदणी क्रमांक असतो. डॉक्टरांसाठीच्या 2002 च्या नियमांनुसार डॉक्टरने तो क्रमांक दवाखान्यात लावायचा असतो आणि चिठ्ठीवरही छापायचा असतो. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या संकेतस्थळावर नाव टाकून ॲलोपॅथीच्या डॉक्टरची नोंद तपासता येते. नवी वस्ती झपाट्याने वाढते तिथे बोगस डॉक्टरांचंही फावतं, आपल्या भागात त्यांच्यावर झालेल्या कारवाईच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. आयुर्वेदाच्या आणि होमिओपॅथीच्या डॉक्टरांचा मला आदर आहे. पण ते कोणती औषधं देतात आणि त्या औषधांचं शिक्षण त्यांनी घेतलं आहे का, हे विचारायला लाजू नका. होमिओपॅथीच्या डॉक्टरने शिक्षण नसताना ॲलोपॅथीची औषधं देणं हा निष्काळजीपणा आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्येच सांगितलं आहे. त्या खटल्यातला रुग्ण तापाचं निमित्त होऊन गेला होता.

3. इथल्या जुन्या माणसांना विचारा.
सोसायटीत सगळेच आपल्यासारखे नवे. त्यापेक्षा गास, भुईगाव, उमराळे, नंदाखाल इकडच्या माणसांशी बोला. त्यांच्या घरातल्या तीन पिढ्यांनी इथेच औषध घेतलेलं असतं. मला हे भाजी विकायला येणाऱ्या मावशींकडून कळलं. ऑपरेशनचं काही निघालं की त्या "बंगलीला जा" म्हणायच्या. बंगली म्हणजे कार्डिनल ग्रेशस मेमोरियल हॉस्पिटल, हे मला तेव्हा समजलं. आणि "डॉक्टर चांगला आहे का?" असं विचारू नका, त्यावर सगळेच हो म्हणतात. "त्याने तुम्हाला कधी दुसऱ्याकडे पाठवलं होतं का?" असं विचारा. आपल्या आवाक्याबाहेरचं काय आहे हे ज्याला कळतं, त्याच्या हाती घरची म्हातारी माणसं सोपवावीत.

4. पहिल्या भेटीत तो काय बघतो, ते तुम्ही बघा.
सासूबाईंची फाईल घेऊन आम्ही काही दवाखाने पालथे घातले. एके ठिकाणी साखरेचा आकडा बघून मिनिटभरात गोळी वाढवून दिली. ज्या डॉक्टरांकडे आम्ही थांबलो त्यांनी सासूबाईंना चप्पल काढायला सांगून तळवे तपासले, बोटांच्या बेचक्या बघितल्या, "इथे टोचलेलं कळतं का?" असं विचारलं. जुने तीन महिन्यांच्या सरासरीचे रिपोर्ट ओळीने मांडून साखर कधीपासून वर जायला लागली, तेही शोधलं. सासूबाई म्हणाल्या, "अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा ना." डॉक्टर म्हणाले, "आजी, तुम्ही तोंडाने खाताय-पिताय, मग सुई कशाला?" मागितलेलं नाकारायला धीर लागतो. समोर पैसे घेऊन बसलेल्या माणसाला नाकारायचं तर आणखीच.

5. रुग्णालय आधी पाहून ठेवा.
23 एप्रिल 2021 ला विरारच्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागात आग लागली आणि किमान 13 रुग्ण गेले. ती बातमी आठवली की आजही पोटात कालवतं. म्हणून कोणाला भेटायला गेलात तरी बाहेर पडायचा दुसरा जिना कुठे आहे, तो मोकळा आहे का, हे बघा. रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावणं 2021 च्या राज्य नियमांनी बंधनकारक आहे. दिसलं नाही तर मागा. आणि 108 क्रमांक घरातल्या लहानग्यालाही पाठ असू द्या.

6. कागद आपल्याकडे ठेवा.
जुन्या डॉक्टरांकडून निघतानाच सगळं मागून घ्या. मागितल्यावर 72 तासांत कागद द्यावे लागतात, हाही 2002 चाच नियम.

7. "तुम्ही गावाला गेलात तर कोणाकडे जायचं?"
हे पहिल्याच दिवशी विचारा. आमच्या डॉक्टरांनी चिठ्ठीच्या मागे एक नाव आणि फोन नंबर लिहून दिला. गणपतीत ते गावी गेलेले असताना सासूबाईंची साखर एकदम उतरली, तेव्हा आम्ही त्याच नंबरवर फोन केला.