पहिली सायकल घेताना : आधी माप, मग मोल



साखर आणि रक्तदाब हे दोन आजार आता आपल्या वस्त्यांत घरोघर मुक्कामाला आले आहेत. डॉक्टर व्यायाम करायला सांगतात, पण जिमची फी परवडत नाही आणि चालायला मैदान उरलेले नाही. अशा वेळी सायकल हा गरिबाचा खरा मित्र आहे. प्रौढ माणसाने आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस सायकल चालवली की हा हिशेब पुरा होतो. अंगाचा भार सीटवर राहत असल्याने चालण्या-पळण्यापेक्षा गुडघ्यांना त्रास कमी होतो. कामावर सायकलने गेलो तर रिक्षाचे भाडेही वाचते.

पण आपल्या तरुणांचे डोळे जातात ते मेंढ्याच्या शिंगांसारखे हँडल आणि बारीक टायर असलेल्या रेसर सायकलकडे, म्हणजे रोड बाईककडे. ती हप्त्यावर घरी येते. माप चुकलेले असेल तर महिनाभरात पाठ आणि मान धरते. मग सायकल जिन्याखाली गंजत पडते आणि हप्ता मात्र चालूच राहतो. आपला पैसा घामाचा आहे. म्हणून या महिन्याचा पाठ पहिली सायकल निवडण्याचा.

१. कोणती सायकल?

बाजारात मुख्यतः तीन प्रकार दिसतात. रोड बाईक हलकी आणि वेगवान असते, पण ती चालवताना वाकून बसावे लागते आणि तिला गुळगुळीत रस्ता लागतो. जाड टायरची, पुढे शॉकअप असलेली माउंटन बाईक दिसायला दणकट असते. मात्र स्वस्तातल्या अशा सायकलीचे वजन फार असते, आणि पायांनी लावलेला जोर शॉकअपच खाऊन टाकतो. तिसरी हायब्रिड, म्हणजे सरळ हँडल आणि मध्यम टायरची.

येथेही मध्यम मार्गच उपयोगी पडतो. नवशिक्याने शक्यतो बिनशॉकअपची, मध्यम टायरची, सरळ हँडलची सायकल घ्यावी. रोज वीस-पंचवीस किलोमीटर चालवण्याची सवय लागली आणि अजून लांब जावेसे वाटले, तर रोड बाईक जरूर घ्यावी. सध्या बिनगियरची साधी सायकल साधारण सहा ते दहा हजारांत मिळते. गियरची नवी रोड बाईक घ्यायची तर वीस-पंचवीस हजार तरी हाताशी लागतात.

२. आधी अंगाचे माप

दुकानात जाण्यापूर्वी घरीच माप घ्या. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा. दोन पायांच्या मध्ये एक वही घट्ट वर दाबून धरा आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजा. हे पायाचे माप. त्याला ०.६७ ने गुणले की रोड बाईकच्या फ्रेमचे अंदाजे माप मिळते. पायाचे माप ७५ सेंटीमीटर आले, तर फ्रेम साधारण ५० सेंटीमीटरची हवी.

दुकानात गेल्यावर सायकलच्या दांडीवर दोन्ही पाय जमिनीला टेकवून उभे राहा. अंग आणि दांडी यांत निदान दोन बोटांचे अंतर राहिले पाहिजे. मग सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा. पायडल अगदी खाली असताना पाय सरळ झाला, तर सीटची उंची बरोबर आहे. हँडल धरल्यावर कोपर किंचित वाकलेले राहावे.

अंग बोलते, ते ऐका. गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे. मागून दुखत असेल तर ती वर आहे. हाताला मुंग्या येत असतील तर हँडल लांब किंवा खाली गेले आहे. "चालवून चालवून सवय होईल" असे दुकानदार म्हणाला, तरी चुकीच्या मापाची सायकल घेऊ नका.

३. टायर, गियर, ब्रेक

आपल्या खड्ड्यांच्या रस्त्यांवर २३ मिलिमीटरचा बारीक टायर टिकत नाही. रोड बाईक घेतलीत तरी २८ किंवा ३२ चा टायर बसतो का, हे विचारून घ्या. बऱ्याच रोड बाईकच्या ट्यूबचा वॉल्व्ह बारीक तोंडाचा असतो, त्यावर कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याचा पंप बसत नाही. त्यासाठी छोटासा पितळी अडॅप्टर मिळतो, तो आठवणीने घ्या.

सपाट शहरात बिनगियरची सायकल पुरते. वाटेत चढ आणि उड्डाणपूल असतील तर पुढे दोन आणि मागे सात चक्रे, म्हणजे चौदा गियर पुष्कळ झाले. एकवीस गियरचा आकडा पाहून भुलू नका. ब्रेक दोन्ही हातांनी दाबून पाहा, लिव्हर हँडलला टेकता कामा नये. कामावर डबा न्यायचा असेल तर मागे कॅरियर बसवायला फ्रेममध्ये भोके आहेत का, तेही पाहा. अनेक रोड बाईकना ती नसतात.

४. जुनी सायकल घेताना

जुनी सायकल घेण्यात कमीपणा काही नाही. चाक उचलून फिरवा आणि ते डुलते का पाहा. फ्रेमच्या सांध्यांवर, विशेषतः हँडलखाली, तडा किंवा नवा रंग फासलेला आहे का ते तपासा. चेन फार ढिली असेल आणि दात झिजून टोकदार झाले असतील, तर तो खर्च किमतीतून वजा करून मागा.

आणि बिल मागा. बिल नसेल तर विकणाऱ्याकडून नाव, पत्ता आणि फ्रेमनंबरासह लिहून घ्या. हा नंबर बहुधा पायडलच्या धुऱ्याखाली कोरलेला असतो. स्वस्त मिळते म्हणून चोरीची सायकल घेणे हे दुसऱ्या शीलाच्या विरुद्ध आहे, कारण ती कुणाच्या तरी घामाचीच असते.

५. पैशाची वाटणी

जवळ बारा हजार असतील तर सगळे सायकलवर घालू नका. नऊ हजारांची सायकल घ्या आणि उरलेल्या पैशांत हेल्मेट, कुलूप, पुढचा पांढरा व मागचा लाल दिवा आणि पंप घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे, हे बिल घेताना ध्यानात असू द्या. व्यायामाच्या सायकलसाठी व्याजाने पैसे काढू नका. आधी महिनाभर नातेवाइकाची किंवा भाड्याची सायकल चालवा. महिन्यानंतरही पहाटे जाग येत असेल, तर खुशाल घ्या.

६. आधी हात बसू द्या

१९२९ साली चाळीसगावात बाबासाहेबांना आपल्या वस्तीत नेण्यासाठी टांगेवाले तयार झाले नाहीत. आपल्या लोकांनी टांगा भाड्याने घेतला आणि आपल्यातल्याच एकाने, ज्याने पूर्वी कधी टांगा हाकला नव्हता, तो हाकला. पुलावर टांग्याला अपघात झाला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. ही हकिगत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. दोष त्या हाकणाऱ्याचा नव्हता, टांगा नाकारणाऱ्या अस्पृश्यतेचा होता. आज आपले वाहन आपल्या हाती आहे. ते चालवण्याची विद्याही आपण पुरी शिकून घेतली पाहिजे. पंधरा दिवस मोकळ्या जागेत ब्रेक, वळण आणि मागे वळून पाहणे याचा सराव करा, मगच हमरस्त्यावर या.

छातीत दुखणे, चक्कर किंवा जुना हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मधुमेहाची औषधे चालू असतील तर खिशात गूळ किंवा साखर ठेवा. भगिनींनी ओढणी बांधून घ्यावी, चेनला कव्हर लावून घ्यावे आणि दांडी खाली उतरलेली फ्रेम निवडावी. घरातील पुरुषांनी सकाळचा तेवढा अर्धा तास त्यांच्यासाठी मोकळा करून द्यावा. व्यायामाची गरज त्यांनाही तितकीच आहे.

येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर एक मोजपट्टी सोबत ठेवू या. ज्यांना सायकल घ्यायची आहे, त्यांची मापे तेथेच घेऊन कागदावर लिहून देऊ या. तो कागद खिशात ठेवूनच दुकानाची पायरी चढा.