दवाखान्यातून निघालेलं राजकारण

चि. माऊस,


परवा फोनवर तू एका दमात दोन बातम्या दिल्यास. गावची मंडळी जिल्हा परिषदेला उभी राहा म्हणून मागे लागली आहेत, आणि तालुक्याच्या ठिकाणी निघणाऱ्या लॅबमध्ये तुला भागीदारी देऊ करताहेत. "मामा, डॉक्टरने या भानगडीत पडावं का?" असं विचारलंस. फोनवर देण्यासारखं हे उत्तर नाही, म्हणून लिहायला बसलो.

माझा जन्म पाटबंधारे खात्यात गेला. माझ्याकडे दाखले नद्यांचे जास्त, डॉक्टरांचे कमी. पण एक गृहस्थ दोन्हींकडे बसतो: स्वित्झर्लंडचा योहान रुडोल्फ श्नायडर.

स्वित्झर्लंड तू पाहिलंस ते यश चोप्रांच्या सिनेमात. हा मुलूख त्यातला नव्हे. बर्नच्या वायव्येला, जुरा डोंगरांच्या पायथ्याशी न्यूशातेल, मुर्तेन आणि बील अशी तीन सरोवरं आहेत आणि त्यांच्यामध्ये सपाट, दलदलीची जमीन. या भागाला सेलांड म्हणतात. आल्प्समधून उतरणारी आरे नदी तेव्हा या सरोवरांना बगल देऊन जायची आणि आणलेले गोटे नि गाळ पात्रातच टाकायची. पात्र उथळ झालं की पाणी काठ सोडायचं, बील सरोवरातून निघणारी त्सील नदी तुंबायची, आणि मोठ्या पुरात तिन्ही सरोवरांचं मिळून एकच पाणी व्हायचं. आरे आणि त्सीलच्या संगमावर मायेनरीड नावाचं खेडं होतं. श्नायडर 1804 साली तिथे जन्मला. पूर म्हणजे काय हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही.

डॉक्टर होऊन तो परत त्याच टापूत आला. बील सरोवराच्या काठच्या नीडाऊ गावात त्याने दवाखाना आणि औषधांचं दुकान चालवलं. पूर ओसरला की डबकी, आणि डबक्यांच्या मागोमाग हिवताप. कोयनेल 1820 मध्ये वेगळं काढलं गेलं होतं, म्हणजे ताप उतरवायला औषध होतं. पण पुढच्या पुराला औषध नव्हतं. आणि डासाचा यात हात आहे हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. लाव्हराँने रोग्याच्या रक्तात हिवतापाचा परजीवी पाहिला तो 1880 च्या नोव्हेंबरात, आणि श्नायडर त्याच वर्षी जानेवारीत वारला. रॉसने सिकंदराबादेत डासाच्या पोटात तो परजीवी दाखवला 1897 मध्ये. त्याआधीचे लोक दलदलीच्या हवेला दोष देत. कारण चुकलं होतं, उपाय मात्र नेमका होता: पाणी हलवा.

1835 मध्ये त्याने सेलांडच्या पुरांवर एक पुस्तिका काढली, तीही संवादांच्या रूपात. मला हे फार आवडतं. मग लोकांना समभाग घ्यायला लावून एक कंपनी उभी केली. कालवा खणण्याइतका पैसा तिच्याकडे कुठून येणार? तिने आधी फक्त अभ्यास करून घेतला, आणि तो करायला ग्राउब्युंडेनचा नावाजलेला इंजिनिअर रिशार्ड ला निक्का याला गाठलं. 1842 मध्ये त्याने योजना हातात ठेवली. आरेला वळवून सरळ बील सरोवरात सोडायचं. गाळ सरोवरात बसेल, पूर तिथे पसरेल, आणि नीडाऊपासून ब्युरेनपर्यंतचा नवा कालवा साठलेलं पाणी बाहेर नेईल. वरची सरोवरं जोडणारे प्रवाहही रुंद करायचे. कल्पना अगदी नवी नव्हती. कांडेर नदी 1714 मध्ये थून सरोवरात सोडलेलीच होती. पण इथे एक नदी आणि तीन सरोवरं एका हिशेबात बसवायची होती.

पुढे प्रत्यक्ष काम झालं त्यातली एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आरेला बील सरोवरात नेणारा हाग्नेकचा कालवा त्यांनी पुरता खणलाच नाही. मधून अरुंद चर काढला, आरेचं पाणी त्यात सोडलं आणि उरलेली माती नदीकडूनच वाहून घेतली. असा विचार सुचणाऱ्या माणसाला मी साष्टांग नमस्कार घालीन.

असो. योजना 1842 ची, कुदळ पडली 1868 मध्ये. मधल्या काळात राजकारण होतं. श्नायडर 1837 पासून बर्न कँटनच्या, म्हणजे तिथल्या राज्याच्या, सरकारात मंत्री होता, 1848 मध्ये नवं संघराज्य झालं तेव्हा राष्ट्रीय सभेत गेला आणि 1866 पर्यंत तिथे राहिला. पाणी पाच कँटनांचं: बर्न, फ्रिबूर, व्हो, न्यूशातेल आणि सोलोथुर्न. फायदा कुणाला किती, खर्च कुणी किती द्यायचा, वरच्यांनी पाणी सोडलं तर खालच्यांचं काय, यावर भांडणं. आपल्याकडच्या पाणीवाटपाच्या बैठकांना मी बसलो आहे, मला यात काही नवल वाटत नाही. 1850 मध्ये बर्नमध्ये विरोधकांची सरशी झाली आणि श्नायडरचं मंत्रिपद गेलं. तेव्हा तो बर्नच्या इन्सेल रुग्णालयात डॉक्टर म्हणून काम करू लागला. पुराचा विषय मात्र सोडला नाही. 1867 मध्ये संघराज्याने 50 लाख फ्रँक मंजूर केले, बाकीचा बोजा कँटनांनी आणि जमीनमालकांनी उचलला. 1878 मध्ये आरे सरोवरात वळली. तेवढं त्याला पाहायला मिळालं. काम पुरं झालं 1891 मध्ये, सरोवरांची पातळी सुमारे अडीच मीटर खाली गेली. आज तिथे भाजीपाल्याचे मळे आहेत.

देव करू नकोस त्याला. दलदलीची जमीन वाळली तशी खचत गेली, पूर पुन्हा डोकावले, आणि 1962 ते 1973 मध्ये सगळं काम नव्याने वाढवावं लागलं. दलदल गेली तिच्यासोबत तिथले पक्षी आणि वनस्पतीही गेल्या. त्या काळी त्याचा विचार फारसा कुणी करत नव्हतं.

आता तुझ्याकडे येतो. निवडणुकीला माझी हरकत नाही, पण कशासाठी उभी राहतेस ते तुझ्या केसपेपरांतून निघालं पाहिजे. रस्ता, सभामंडप, हायमास्ट दिवे यांसाठी उभे राहणारे पुष्कळ मिळतील. आणि दवाखाना बंद करू नकोस, आठवड्यातले दिवस कमी कर हवं तर. पद गेलं तर श्नायडरला परत जायला जागा होती म्हणून तो अपमान गिळू शकला. पद हेच सर्वस्व झालेली माणसं हरल्यावर कशी होतात ते तू आपल्याच तालुक्यात पाहिलं आहेस.

लॅबचं वेगळं. श्नायडरनेही कंपनी काढली हे तू माझ्या तोंडावर मारशील, मला माहीत आहे. पण त्याच्या कंपनीने नदीचा अभ्यास केला, रोग्यांच्या खिशात हात घातला नाही. तुझ्या चिठ्ठीवर जी लॅब चालणार तिच्यात तुझी भागी असली, की तू लिहिलेली प्रत्येक तपासणी संशयाची. "मी असं करणार नाही" म्हणशील, आणि करणारही नाहीस. पण रोगी तुला ओळखतो तितकाच हिशेबही ओळखतो. कायदा, मेडिकल कौन्सिल हे राहू दे बाजूला, मला हे साधं पटत नाही.

तेव्हा फॉर्म भरण्याआधी गेल्या काही पावसाळ्यांची रजिस्टरं काढ. जुलाब, कावीळ, ताप कोणत्या वस्तीतून जास्त येतात ते गावाच्या नकाशावर मांड आणि मला पाठव. विहीर, गटार, पाइपलाइन यांपैकी कुठे पाणी मुरतंय ते मी शोधून देतो. ते हाती आलं की उभी राहा, प्रचाराचा पहिला खर्च माझा. लॅबवाल्यांना मात्र आजच नाही म्हणून कळव.

तुझा,
मामा